पुरुषांच्या नकाशासाठी भिवंडीला

भिवंडीला लोक कापड घ्यायला जातात. आम्ही वीर्य घ्यायला गेलो होतो. एवढं वाचून ज्यांनी पान उलटलं त्यांना नमस्कार. उरलेल्यांना सांगते, यात लाजण्यासारखं काही नाही, असं आमच्या सरांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बजावताना ते खिडकीबाहेर बघत होते.

मी मूळची पुण्याची. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत शुक्राणूंमधली प्रथिनं वेगळी करून त्यांचा नकाशा काढायचं काम करत होते. घरी मात्र 'प्रथिनांवर काम करते' एवढंच सांगितलं जाई, त्यामुळे माझी मावशी कितीतरी वर्षं मला कुठली डाळ चांगली ते विचारत असे. नकाशा म्हणजे काय, तर शुक्राणू फोडून त्यातली प्रथिनं एका पट्टीवर टाकायची आणि वीज सोडायची. ज्याच्या त्याच्या विद्युतभाराप्रमाणे ती पट्टीवर आपापल्या जागी जाऊन थांबतात. मग ती पट्टी जेलच्या पातळ चौकोनावर आडवी ठेवायची आणि पुन्हा वीज सोडायची. आता जड प्रथिनं वर अडकतात, हलकी खाली सरकतात. चांदीच्या क्षारानं रंगवलं की शेकडो राखाडी ठिपके उमटतात. एखाद्याच्या चौकोनात कुठला ठिपका नाही, ते शोधायचं.

पण काय नाही हे कळायला आधी काय असायला हवं ते माहीत पाहिजे. त्यासाठी हवे होते बाप, सिद्ध झालेले, ताजे. सरांचे कॉलेजातले मित्र डॉ. मोघे भिवंडीत प्रसूतिगृह चालवत. सर म्हणाले, "जिथे रोज बाप तयार होतात तिथेच जाऊ या." वर्षातून एकदा सरांना विनोद होतो, तो हा.

तो काळ भारनियमनाचा. प्रथिनांचा भार मोजायला आम्ही भारनियमनाच्या गावी निघालो होतो, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. आमच्यात डॉक्टरेट दोन होत्या.

भिवंडी, सोमवार

मोघ्यांच्या प्रसूतिगृहाच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. तो सुरू असताना जमीन बारीक थरथरे, आणि मायक्रोस्कोपखालचा मेलेला शुक्राणूसुद्धा पोहतो आहे असं वाटे. मोघे गोरेपान, हसरे, सतत हात चोळणारे. "इथे कसलीही अडचण नाही," ते म्हणाले. मागाहून मला कळलं, की हे वाक्य ते कळा सुरू झालेल्या बाईलाही म्हणतात.

पेढे घेऊन बाळ बघायला आलेल्या बापाला व्हरांड्यात गाठायचं, सर त्याला भाषण देणार, मी डबी देणार, आणि तो मागच्या न्हाणीघरात जाणार, अशी योजना होती. तिथे देवाचं कॅलेंडर होतं. नर्सनं ते न बोलता भिंतीकडे तोंड करून लावलं. ही त्या दिवसातली सगळ्यांत शहाणी कृती.

सरांचं भाषण मराठीतच होतं, पण 'प्रजननक्षम पुरुषांच्या प्रथिनसंचाचे मानचित्रण' याला मराठी म्हणायचं की नाही हा प्रश्न आहे. समोर बसलेले रईसभाई लूमवर रात्रपाळी करून आले होते, केसांत कापसाचे तंतू. त्यांनी सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, औलाद तो अंदर सो रही है. अब सबूत काहे का?"

मी म्हटलं, "आपका नहीं, जिनको नहीं होती उनका पता लगाना है. आप नमुना हो."

"नमूना तो मुझे घरवाली भी बोलती है," ते म्हणाले आणि डबी घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांनी मला पेढाही दिला. मी कोणत्या हातानं घ्यावा या विचारात पडले. पुण्यात असल्या प्रसंगाची सवय लावत नाहीत. आमच्याकडे पाळीलासुद्धा 'अडचण' म्हणतात आणि तीही डोळ्यांनी.

दुपारपर्यंत पाच-सहा डब्या जमल्या. वीर्य आधी अर्धा तास अंगाच्या उबेत ठेवावं लागतं, मग ते पातळ होतं. ते एका दाट द्रवावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरवलं की धडधाकट शुक्राणू तळाशी बसतात, बाकी गाळ वर राहतो. मग धुऊन द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवायचे. पहिल्या नळ्या फिरू लागल्या आणि वीज गेली. शेजारचे लूम थांबले. त्या शांततेत सेंट्रिफ्यूज हळूहळू दम सोडत थांबला.

"जनरेटर?" सरांनी विचारलं.

"आहे ना! लेबर रूमला आणि माझ्या केबिनच्या एसीला," मोघे हात चोळत म्हणाले. "तुमची सोय जवळच काल्हेर गावात करतो. बाळाराम शेठ आपलेच. ही जागासुद्धा त्यांचीच."

उरलेल्या नळ्या मी ओढणीत गुंडाळून पोटाशी धरल्या आणि रिक्षात बसले, थंड पडू नयेत म्हणून. ट्रकांच्या रांगेत तासभर अडकलो. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "ताई, पोटात दुखतंय का?" सर म्हणाले, "नाही, संशोधन आहे."

काल्हेर

बाळाराम शेठ आगरी, एके काळी त्यांच्या वडिलांची खाडीला लागून भातशेती होती. आता त्या शेतात गोदामं उभी होती आणि शेठ त्यांचं भाडं खात होते. बंगला तीन मजली, खांबांना ग्रॅनाइट, जिन्याला पितळी कठडा, आणि मागच्या दारी अजून वाळत घातलेलं मासळीचं जाळं. जनरेटर ट्रकएवढा. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सेंट्रिफ्यूज दिवाणखान्यात टीव्हीशेजारी बसला. शेठांच्या पत्नी, त्यांना सगळे आय म्हणत, पदर खोचून बघायला आल्या. "ह्ये ताक घुसळतंस का काय पोरी?"

"तसंच आहे, आय. लोणी खाली बसतं एवढाच फरक."

"आन तुजं लगीन?"

"नाही झालं."

त्यांनी माझ्याकडं, मग नळ्यांकडं पाहिलं. "ह्यो धंदा करतंस, मंग कसं व्हईल!"

जेवण मात्र असं, की पुण्यातलं माझं सगळं शाकाहारी संस्काराचं खातं त्या एका आठवड्यात बुडालं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, आणि निवट्या. निवटी हा खाडीच्या चिखलात पंखांवर चालणारा मासा आहे. पाण्यात राहायचं की जमिनीवर, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला 'घ्या ना अजून' म्हणतात आणि वाढणारा हात मागे नेतात. इथे विचारतच नाहीत, ताट भरतात. भरणारी होती घरची सून, सुनंदा. कळव्याची, बी.कॉम. झालेली, सडसडीत, बोलायला कमी. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे मला आयनी तिच्यासमोरच सांगितलं, भाकरी वाढताना, जसं घरातल्या नादुरुस्त पंख्याबद्दल सांगावं तसं.

तिच्यावर उपचार मोघेच करत होते. गर्भाशयाच्या नळ्यांत औषध भरून काढलेले फोटो, पोटाला भोक पाडून केलेली तपासणी, दर महिन्याला इंजेक्शनं. सगळं व्यवस्थित. मुलगा महेश याची तपासणी मात्र एकदाही झाली नव्हती. ज्याच्या जागेत आपला दवाखाना, त्याच्या मुलाला डबी द्यायची कशी, हा वैद्यकशास्त्रापुढचा मोठाच पेच होता.

बुधवार

महेशनं तो पेच आपणहून सोडवला. तिशीचा गडी, गळ्यात जाड चेन, दोन मोबाईल. गावात बातमी पसरली होती, की मुंबईची टीम आली आहे आणि ती 'नॉर्मल' पुरुषांचे नमुने घेते. काल्हेरचे आणि शेजारच्या पूर्णा गावचे तरुण मोटरसायकली घेऊन शेठांच्या फाटकाशी घोळका करू लागले. पोलीसभरतीला असते तशी गर्दी. ज्यांची लग्नंही झाली नव्हती तेसुद्धा आले होते. 'नॉर्मल' हा शिक्का ज्याच्या बंगल्यात मिळतोय त्याच्याच मुलाला नसावा, हे महेशला सहन होईना.

"माझं पन घ्या," तो म्हणाला.

मी सांगितलं, की आम्हाला मुलं असलेले पुरुष हवेत.

"हुतील की. घ्या तुम्ही."

सर म्हणाले, "तुलना करायला उपयोगी पडेल." सरांना जनरेटर दिसत होता. नमुन्यांवर आम्ही फक्त आकडे घालत असू, नावं नाही. महेशनं मार्कर मागून घेतला आणि डबीवर स्वतःचं नाव लिहिलं, ठळक, खाली रेघ मारून.

मोघे त्या दिवशी बंगल्यावर आले होते, मायक्रोस्कोपला डोळा त्यांनीच लावला. मला लावू देते तर पुढचं टळलं असतं. "फर्स्टक्लास!" ते ओरडले आणि महेशच्या पाठीवर थाप मारली. "संख्या बघा, वेग बघा! हायवे आहे नुसता!"

रात्रीच्या जेवणाला कोंबडी होती. शेठ तृप्त दिसत होते. "डॉक्टर बोलला, पोरगा फस्टकलास हाय. मंग आता इचार कराया पायजे." आय म्हणाल्या, "मी कवाधरनं बोलतंय." सुनंदा वाढत होती. तिनं सरांच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली, तिथे आधीच्या तीन तशाच पडून होत्या.

गच्चीवर

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर मी पाय मोकळे करत होते. सुनंदा वाळत घातलेला जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, गोळा करायला आली. ओंजळ भरता भरता तिनं विचारलं, "ताई, फर्स्टक्लास म्हणजे काय हो?"

"म्हणजे संख्या चांगली आहे. पळतायत चांगले."

"आणि पोचून?"

या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळा चालतात. मी म्हटलं, "ते मायक्रोस्कोपला दिसत नाही. शुक्राणूच्या डोक्यावर काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे स्त्रीबीज त्याला ओळखतं. त्यातलं एखादं नसलं तर तो दारापर्यंत धावत जातो आणि बाहेरच उभा राहतो. म्हणून तर आम्ही नकाशा काढतोय. पण अजून आम्हालाच तो नीट वाचता येत नाही. त्यावरून कुणा एकाचं निदान करता येत नाही."

"म्हणजे ठीक आहे असंही सांगता येत नाय."

"नाही."

ती हसली. "माझ्या नळ्यांत औषध भरलं तेव्हा मी एवढी ओरडले, की बाहेर नर्स रडायला लागली. मी मोघे डॉक्टरांना विचारलं, ह्यांचं पण बघा ना. तर बोलले, आधी बाईचं बघायचं असतं, ते सोपं पडतं." तिनं टोपली उचलली. "रविवारी पूर्ण्याला मुलगी बघायला जाणार आहेत. माझ्या साडीचं पण ठरवलंय, कुठली नेसायची ती."

मी तडक सरांकडे गेले. सर नळ्या मोजत होते. "सर, मोघ्यांनी चुकीचं सांगितलंय. आपण खुलासा करायला हवा."

"आपण शास्त्रज्ञ आहोत, समाजसुधारक नाही," सर म्हणाले. "शिवाय जनरेटर त्यांचा आहे."

शुक्रवार

दुपारच्या जेवणाला मोघेही होते. शेठ पूर्ण्याच्या स्थळाबद्दल सांगत होते, माणसं बरी हायेत, हायवेला गोदाम हाय. मी विचारलं, "आणि सुनंदा?"

"तिला कुठं टाकतोय? ऱ्हाईल की हितंच. घर काय लहान हाय?" शेठ औदार्यानं म्हणाले.

दुसरं लग्न कायद्यात बसत नाही, हे ताटावर बसलेल्या दोन उच्चशिक्षित पुरुषांपैकी एकानंही सांगितलं नाही. मोघे काटा काढण्यात गुंतले होते. सर पाणी प्याले, मग पुन्हा प्याले.

मी म्हटलं, "शेठ, परवाच्या तपासणीवरून महेशमध्ये दोष नाही असं ठरत नाही. पळतात म्हणजे पोचतात असं नसतं. आणि सुनंदाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. डॉक्टर इथे आहेत, विचारा त्यांना."

शेठनी मोघ्यांकडं पाहिलं. "खरं हाय का?"

"तसं... शास्त्र फार पुढे गेलंय..." मोघे हात चोळू लागले. हाताला कालवण होतं.

महेश ताटावरून उठला. तो सरळ खाली गेला. क्षणभरानं जनरेटरची घरघर बंद पडली. दिवाणखान्यात सेंट्रिफ्यूज कण्हत कण्हत थांबला. आत सकाळचे सगळे नमुने होते, थर कालवले गेले. आधी गोठवलेले तेवढे कॅनमध्ये वाचले. सरांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदाच खरं दुःख दिसलं.

"तुमी आता निगा," शेठ म्हणाले. ओरडले नाहीत. आय मात्र म्हणाल्या, "पोरीला भाकरी तरी पुरी खाऊं दे." मी ती खाल्ली.

भाड्याच्या जीपमध्ये सामान चढवत होतो तेव्हा सुनंदा बॅग घेऊन उतरली. आय दारात आल्या. "तू कुठं चाललीस?"

"कळव्याला, आई. तुम्ही पूर्ण्याला जाऊन या तोवर."

तिनं आयना वाकून नमस्कार केला आणि माझ्या शेजारी, नायट्रोजनच्या कॅनला पाय लावून बसली. महेश जनरेटरजवळ उभा होता. त्यानं तिला अडवलं नाही, आमच्याकडं पाहिलंही नाही.

कशेळीच्या पुलाअलीकडे जकात नाक्यावर गाडी थांबवली. कॅन बघून नाकेदारानं विचारलं, "दूध काय?" आणि झाकण उचललं. पांढरी वाफ भस्कन वर आली. तो दोन पावलं मागे सरला. "काय आहे हे?"

"जैविक नमुने," सर म्हणाले.

"कशाचे?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुनंदाच बोलली. "पुरुषांचं आहे, साहेब. फार जपावं लागतं. झाकण लावा."

नाकेदारानं झाकण असं लावलं, की पुढे प्रयोगशाळेत ते उघडायला दोघं लागले. जीप पुलावर आली आणि सुनंदा हसायला लागली. हसता हसता रडली, मग कळव्याच्या नाक्यावर तोंड पुसून उतरली. मी तिला माझा नंबर दिला, तिनं तिच्या वडिलांकडचा दिला.

मुंबई

नकाशे निघाले. रईसभाईंचा चौकोन पाहिला की तबियत खूष व्हावी असा, सगळे ठिपके जागच्या जागी. महेशच्या चौकोनात उजवीकडे खालच्या कोपऱ्यात काही ठिपके जवळजवळ नव्हतेच. आम्ही पुन्हा काढला, पुन्हा तसंच. सर आनंदानं खोलीत फेऱ्या घालू लागले. "सुंदर! अप्रतिम! याच्यावरच निबंध होईल!" एका घराची वाताहत झाली ती झाली, पण ठिपके रेखीव होते.

पावसाळा सरत आला तेव्हा एके दिवशी महेश प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. चेन होती, पण शर्टाच्या आत. त्याला सर्टिफिकेट हवं होतं.

"कसलं?" मी विचारलं.

"पूर्ण्याची मानसं ऐकायला तयार न्हाईत. नाक्यावरची गोष्ट, आन जेवताना तुमी बोललात ती बी, सगळीकडं झालीय. बोलतात, आधी मुलाचा नकाशा आना, मंग मुलगी बघा."

मी हसू दाबलं, ते त्याला दिसलं. मी सांगितलं, की आम्ही कुणाला रिपोर्ट देत नाही, हे संशोधन आहे. पण तेवढ्यात सर आले. 'महेश' हे नाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला. नियम त्यांचाच, तो त्यांनीच मोडला. "अहो, तुमचाच तर सगळ्यांत महत्त्वाचा आहे!" म्हणत त्यांनी दोन छापील चित्रं टेबलावर मांडली, एक त्याचं, एक नाव नसलेल्या बापाचं, आणि संग्रहालयातल्या वाटाड्यासारखे त्याला कोपरे दाखवून, फोन आला म्हणून निघून गेले.

महेश चित्रांवर वाकून उभा राहिला. त्यानं त्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मंग दोष माझाच?"

"तसं मला म्हणता येत नाही," मी म्हटलं. "हे ठिपके नसले म्हणजे मूल होत नाहीच, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. तिचा दोष आहे असंही म्हणता येत नाही. एवढंच खात्रीनं सांगते."

"एवढं आधी बोलला असता तर?"

"बोलले होते. तू जनरेटर बंद केलास."

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आता चिडेल. तो म्हणाला, "ती माजा फोन घेत न्हाय. तुमच्या फोनवरनं लावता? तिला ह्यो दाखवायचाय."

मी कळव्याचा नंबर फिरवला. सुनंदाच आली. ती एका शिकवणीवर्गात हिशेबाचं काम करू लागली होती. मी म्हटलं, "महेश आलाय. नकाशा बघितला त्यानं. तुला दाखवायचा म्हणतोय."

ती शांतपणे म्हणाली, "मला कशाला, ताई? मी कधी मागितला? त्यांना सांगा, आईंना दाखवा. दाखवून झालं की मग मला फोन करा म्हणावं. घेईन."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. महेशनं आपलं चित्र उचललं. मी नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. तो ते गुंडाळू लागला, मग थांबला, पुन्हा उलगडलं, फिरवून पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "ह्याची वरची बाजू कुठली? आयला उलटा दाखवला तर ती परत मला फस्टकलासच म्हणंल."